पाट्यांची बोळवण

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार

ही डायरी मिलची, दोन सालांपूर्वीची. मिलने छापलेली शेवटची. गोदामात गठ्ठा पडून होता, रद्दीत जायच्या आधी एक बाईंसाठी उचलली, असं बबन म्हणाला. छापलेले वार जुळत नाहीत म्हणून मी ते खोडून माझे घालते. सदुसष्टाव्या वर्षीसुद्धा कोरा कागद दिसला की हात शिवशिवतो. त्याला इलाज नाही.

बबन म्हणजे माझा जुना विद्यार्थी. तेवीस वर्षं मिलमध्ये साच्यावर कापड विणलं, आता मिलच्या बंद फाटकासमोर गाडी लावून कपड्यांना इस्त्री करतो. "बाई, पहिले कापड बनवत होतो, आता लोकांच्या सुरकुत्या काढून राहिलो," म्हणतो आणि आपणच हसतो. आज हसला नाही. मिलची जमीन विकायला काढली आहे. नकाशात आपल्या शाळेचा कोपराही मिलचाच दाखवलाय.

शाळा म्हणजे आता दोन खोल्या, एक चिंच आणि पहिली ते चौथीची अडतीस पोरं, सगळी मिलच्या चाळीतली. घरी बाप बसून, आई कुठे पापड लाटते, कुठे भांडी घासते. मी तिथंच शिकले, माझे वडील अण्णा तिथे हेडमास्तर होते, आणि त्यांच्या मागून मी एकतीस वर्षं शिकवलं. मिलवाले म्हणतात शाळा आम्ही बांधली. आम्ही म्हणतो, मिल नव्हती तेव्हापासून शाळा आहे, जागा दरबाराने दिलेली. पण सनद? सनद ट्रंकेत होती आणि ट्रंकेला वाळवी लागली.

"होळीच्या आधी तहसीलचे साहेब बयान घेणार," बबन म्हणाला. " कागद नाही तर दुसरं काही सबूत आणा, म्हणे. मी बोललो, आमच्या बाई आहेत ना!"

मी म्हणजे सबूत. बरं झालं, कशाच्या तरी उपयोगी.

१० फेब्रुवारी, गुरुवार

विद्यापीठातून डॉ. पाटणकर आले. जमीन खणून जुन्या गोष्टींचा अभ्यास करतात. त्यांचे शर्ट बबनकडे इस्त्रीला येतात, तिथून ही ओळख. पुण्याचे. इथं येऊन दोन वर्षं झाली तरी "इंदूरचं मराठी काय गोड आहे हो" चालूच. म्हटलं, "आमचं गोड आहे, तुमचं इस्त्रीचं आहे." बबन खूश.

बरोबर चौधरी मॅडम. देपालपूरच्या, चाळिशीच्या आतबाहेर. निघालेल्या वस्तू धुवायच्या, मापायच्या, चित्रं काढायची, हे त्यांचं काम. बोलतात हिंदीत, तेही मोजकं. डोळे मात्र सारखे कामाला जुंपलेले.

पाटणकरांनी विचारलं, आवारात जमिनीखाली काही असल्याचं आठवतं का. मी पटकन स्टेजकडे बोट दाखवलं. सिमेंटचं स्टेज, ज्यावर पोरं पंधरा ऑगस्टला गाणी म्हणतात. म्हटलं, "ह्याच्या खाली विहीर आहे. अण्णांच्याही आधी आटलेली. स्टेज बांधताना तोंडावर फरश्या टाकल्या." बबनने मान डोलावली, स्टेज तो चौथीत असताना झालं. त्याच स्टेजवर तो शिवाजी झाला होता, आणि मिशी पडली होती.

"विहिरीत काय असेल?"

"पाट्या," मी म्हटलं. "फुटक्या पाट्या."

१४ फेब्रुवारी, सोमवार

स्टेज फोडायला सुरुवात. घणाचा आवाज ऐकवत नव्हता, पण घरी बसवतही नव्हतं. पोरं खिडकीला चिकटलेली, नव्या मास्तरणीने एकदोनदा ओरडून नाद सोडला.

पाटणकर पाट्यांबद्दल खोदूनखोदून विचारतात. एखाद्या शाळेने आपला कचरा विहिरीत टाकला, असं त्यांनी वहीत लिहिलं होतं. मला राग आला. कचरा कसला? आमच्या शाळेत पाटी फुटली तर ती उकिरड्यावर जात नसे. जिच्यावर अक्षर उमटलं तिला कुणाचा पाय लागायचा नाही, असा कडक नियम. वर्षभराच्या फुटक्या पाट्या हेडमास्तरांच्या टेबलाखाली टोपलीत जमायच्या. दसऱ्याला धडक्या पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा. दुसऱ्या दिवशी फुटक्यांची बोळवण, अगदी लेकीला सासरी धाडावं तशी, हळदकुंकू लावून. सगळी शाळा अनवाणी, रांगेत. विहिरीशी आलं की पाटी भिरकवायची नाही, वाकून सोडायची. सोडली की कान देऊन थांबायचं, पोचल्याचा आवाज आला की बाजूला व्हायचं.

मॅडम म्हणाल्या, "हमारे गाँव में तो टूटी पट्टी से औरतें मटका ढाँकती हैं."

म्हटलं, तुमच्याकडची माणसं शहाणी.

१९ फेब्रुवारी, शनिवार

फरश्या काढल्या. लाकडाची तिकाटणी, दोर, टोपल्या, खाली उतरलेला माणूस आणि वर तोंडं वाकवून अर्धी चाळ. पाट्याच पाट्या! पहिल्या टोपलीत वर आल्या तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. उगाच नाही म्हणायचं, आलं. एकावर एक बसलेल्या, ओल्या, काळ्याभोर. कुणाकुणाच्या बोटांनी पुसलेल्या.

दुपारून एक निघाली, चौकटीला दाभणाने डागलेलं नाव, बबन. आमच्याकडे चौकट तापल्या दाभणाने डागायची पद्धत, नाव आणि साल. बबन एका वर्षात तीन पाट्या फोडायचा, त्यातली एक पुढच्या बाकावरच्या पोराच्या टाळक्यात. ती हीच की काय कोण जाणे. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस पाटी छातीशी धरून शाळेभर फिरत होता. "बाई, बघून घ्या, मी पण जमिनीतून निघालो!"

२३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पावणेसातला जाग आली आणि कान लावून बसले. भोंग्यासाठी. बंद होऊन दोन वर्षं झाली, सवय जात नाही. भोंगा झाला की चुलीवर चहा, दुसरा झाला की अण्णांची टोपी, तिसऱ्याला शाळेची घंटा. आमच्या शाळेत घड्याळ असं नव्हतंच, त्याची गरजच पडली नाही. सुटीच्या दिवशी गल्लीत सायकलींची रांग नसायची आणि रस्ता केवढा रुंद वाटायचा. आता रोजच रुंद आहे.

बबनच्या घरी रंगीत टीव्ही आलाय, हप्त्याचा. त्यात परदेशातल्या बायका साबणाने न्हातात. त्याची आई म्हणते, ह्यांना काही कामधंदा नाही का.

२६ फेब्रुवारी, शनिवार

खालचा थर लागला. वरच्या पाट्या आमच्या काळच्या. ह्या वेगळ्या, जाड, मोठ्या, चौकटी शिसवी. चिखलात दबून राहिल्याने लाकूड टिकलं. मॅडम बादलीत एकेक धुवून चटईवर ओळीने मांडत होत्या आणि पाटणकर नावं वाचत होते. गणपत. विठ्ठल. सखाराम. मी शेजारी वेताच्या मोड्यावर.

मॅडमच्या हातात पुढची आली. सगळी चिखलाने लडबडलेली, अक्षर एक दिसत नव्हतं. एक कोपरा तुटलेला, चौकटीला तांब्याची तार गुंडाळलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा धोंडू."

त्यांनी पाटी पाण्यात बुडवली. अंगठ्याने पुसली. धोंडू.

पाटणकरांना ऐकू गेलं नाही, ते त्याच वेळी ओरडले, साल सापडलं! विठ्ठलच्या पाटीवर. मिल उभी राहायच्या नऊ वर्षं आधीचं. मग दुसरी, तिसरी. सगळी आधीची. बबन उड्या मारत गेला आणि कुणाच्या तरी उधारीवर दोन किलो जिलबी घेऊन आला. पोरांना वाटली, मास्तरणीला, खड्ड्यातल्या माणसाला दोरीने खाली. "शाळा पहिली, मिल नंतर! झालं, मामला खतम!"

मॅडमनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि पुढची पाटी उचलली.

माझ्या हातात जिलबी तशीच. घरी आणली, ताटलीखाली झाकून ठेवली आहे.

२७ फेब्रुवारी, रविवार

लिहून काढते. लिहिल्याशिवाय मला सुधरायचं नाही.

त्या पाट्या आमच्या शाळेच्या नाहीत. महूच्या आहेत.

मी सहा वर्षांची. महूला एक छोटी मराठी शाळा होती, आमच्यासारखीच जुनी. ती मोडली. तिथले मास्तर अण्णांचे स्नेही. त्यांच्याकडेही फुटकी पाटी टाकायची नाही हा नेम, अण्णा म्हणायचे की आपलंच बघून धरलेला. पण आवारात विहीर नाही, म्हणून पाट्या माळ्यावर रचत गेले, वर्षानुवर्षं. शाळा मोडल्यावर घरमालक म्हणाला, बरं झालं, गोठ्यात भर घालायला कामी येतील. मास्तरांचं पत्र आलं आणि अण्णा जेवताजेवता उठले. गोठ्यात! अक्षरांवर म्हशी!

जाताना आम्ही रेल्वेने गेलो, येताना बैलगाडीने. गाडीत पोती, पोत्यांत पाट्या, आणि वर मी. पायाखाली यायला नकोत म्हणून मांडी घालून. मला बरोबर का नेलं? आई जाऊन दोन महिने झाले होते आणि घरी मला कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न. त्या दोन महिन्यांत अण्णा माझ्याशी धड बोलले नव्हते. रागाने नव्हे. त्यांना बोलताच येईना.

महूच्या बाहेर पडलो आणि त्यांनी पोत्यातून एक पाटी काढली. "यमू, हे काय लिहिलंय?" मला अक्षरं सुटी यायची, जोडून यायची नाहीत. ग, ण, प, त. गणपत! दुसरी काढली. विठ्ठलला अडखळले, ते त्यांनी सांगितलं. मग मीच काढायला लागले. धोंडूची पाटी तार गुंडाळलेली, म्हणून लक्षात. ते नाव काही केल्या जमेना. वाटेतलं राऊ गाव आलं, चिंचेखाली दशम्या खाल्ल्या, परत निघालो, आणि एकदम जमलं. धोंडू! गाडीवानसुद्धा हसला. अण्णा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हणाले, "ह्या धोंडूला आता कुणीतरी वाचलं बघ." सबंध रस्ता बोलत होते, कोण असेल हा सखाराम, कुठे गेला असेल, पाटी फुटल्यावर मार बसला असेल का. मी त्या रस्त्यावर वाचायला शिकले. माझ्या आयुष्यात त्याहून चांगला दिवस आला असेल तर मला तो आठवत नाही.

संध्याकाळी विहिरीवर अण्णांनी मला काठावर बसवलं आणि मी एकेक हातात देत गेले.

पाटणकरांना विहीर मीच दाखवली. तेव्हा हा दिवस डोक्यात आला नाही असं नाही, पण तो माझा दिवस होता. तो सबूत होऊन कुणाच्या कागदावर जाईल असं कुठे वाटलं होतं?

३ मार्च, गुरुवार

पाटणकर घरी आले, फारच उत्साहात. बयान २५ तारखेला. त्यांचा अहवाल आणि माझं बयान, एवढं पुरे, म्हणाले. मला फक्त इतकंच सांगायचं की ह्या विहिरीत ह्याच शाळेच्या पाट्या सोडायचे, दुसरं कुणी नाही. "सोपं आहे ना, बाई?"

चहा केला. साखर घालायची राहिली, बिचारे तसाच प्यायले.

गप्प बसले तर शाळा वाचते. अडतीस पोरं. खोटं असं काही बोलायचंच नाही, एक बैलगाडी विसरायची बस. म्हाताऱ्या बाईला विसरायला कोण हरकत घेतो?

पण विसरायची म्हणजे अण्णांना विसरायचं.

५ मार्च, शनिवार

शाळेत डोकावले. पहिलीची एक मुलगी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून वाचत होती. "कमळ" वाचलं आणि दचकून मागे पाहिलं, आपणच वाचलं का हे बघायला. मला ते दचकणं ओळखीचं. तिचा बाप साचेवाला होता, आता मंडीत हमाली करतो. ही शाळा गेली तर दुसरी दीड मैलावर, वाटेत मोठा रस्ता. ही घरी बसणार, दुसरं काय.

झोप नाही.

९ मार्च, बुधवार

चौधरी मॅडम आल्या. एकट्याच. हातात चित्रांची फाईल. धोंडूची पाटी काढलीय, तार, तुटका कोपरा, सगळं हुबेहूब. चित्र माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बाई, धुलने से पहले आपने नाम कैसे बोल दिया?"

म्हटलं, तार ओळखली.

"तार किसकी थी, ये कैसे मालूम? आप तो तब पैदा भी नहीं हुई थीं."

मी चहाचं आधण ठेवायला उठले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चहा प्यायल्या, लिंबाच्या लोणच्याची कृती विचारली, चित्र इथेच ठेवून गेल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "सर को मैंने कुछ नहीं कहा. कहना होगा तो आप कहेंगी."

बाई भल्या आहेत. पण भल्या माणसांचाच धाक वाटतो.

१५ मार्च, मंगळवार

आधी बबनला सांगायचं ठरवलं. पाटणकरांचं काय, त्यांचा एक अहवाल जाईल. बबनची शाळा जाईल.

दुपारी गाडीवर गेले. इस्त्रीत कोळसे भरत होता. सगळं सांगितलं, महू, गोठा, बैलगाडी. तो शर्टाची एकच बाही परत परत दाबत राहिला.

मग म्हणाला, "बाई, हे किती जणांना माहीत आहे?"

"मला."

"बस? मग झालं तर! तुम्ही बोलूच नका ना. झूठ नका बोलू, चुप बसा. एवढं पण नाही होणार?"

"बबन..."

"मिल गेली. ग्रॅच्युइटीचं नाव नाही. माझ्या पोरीला नोकरीसाठी कुणी उभं करून नाही राहिलं. एक ही शाळा आहे. आणि तुम्ही एक बैलगाडी घेऊन येऊन राहिल्या!"

आजूबाजूचे बघायला लागले. त्याचं चूक नव्हतं. निघाले तर मागून म्हणाला, "चौथीत असताना मी खोटं बोललो तर तुम्ही अख्खा तास अंगठे धरायला लावले होते. आज कोणी धरायचे, सांगा!"

बाही जळली. त्याचा वास कोपऱ्यापर्यंत येत होता.

१६ मार्च, बुधवार

अण्णांचा रागही आला. मनापासून आला. कशाला आणल्या दुसऱ्यांच्या पाट्या? म्हशींनी तुडवल्या असत्या तर काय आकाश कोसळलं असतं? एका माणसाच्या हळवेपणापायी साठ वर्षांनी अडतीस पोरांची शाळा जायची. त्यांच्या फोटोला आज हार घातला नाही.

संध्याकाळी घातला.

१८ मार्च, शुक्रवार

सांगून टाकलं. विहिरीच्या काठावर, पाटणकर आणि मॅडम दोघांना. मध्ये थांबले नाही.

पाटणकरांनी वही मिटली. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "बाई, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" इस्त्रीचं मराठी पार चुरगळलेलं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी तुम्ही विहिरीत काय आहे ते विचारलं, कुठून आलं ते नाही. हे बोलायला नको होतं, मी लबाडीच केली. माफी मागितली.

वर्गात पाढे चालू होते.

मग मॅडमनी विचारलं, "बाई, उस दिन आप यहीं बैठी थीं? मुंडेर पर?"

"हो. ह्याच काठावर अण्णांनी बसवलं होतं."

"पहली पट्टी गिरी तो आवाज़ कैसी आई?"

मला कळेना हे काय विचारतात. त्यांनी समजावलं. विहीर तेव्हा रिकामी असेल तर पहिली पाटी चिखलात पडली असणार, थप्प. आणि खाली आधीच पाट्या असतील तर दगडावर दगड, खण्ण. महूच्या थराखाली जे असेल ते महूचं नाही, ते इथलंच, आणि महूच्या आधी टाकलेलं. त्याच्या चौकटीवर साल असेल तर कुणाच्या बैलगाडीने फरक पडत नाही.

पाटणकरांनी वही उघडली.

"महूचा थर पूर्ण उचलायला किती दिवस?"

"पाँच. छह."

आवाज. साठ वर्षांपूर्वीचा, सांजवेळचा, एका पाटीचा आवाज.

२० मार्च, रविवार

आठवत नाही. अण्णांचे हात आठवतात, नखांतली शाई आठवते. बैल सोडले होते आणि ते चिंचेखाली रवंथ करत होते. चिंच तेव्हा माझ्या उंचीच्या तिप्पट होती, एवढंही आठवतं. पाटी वाकून सोडली, कान दिला, आणि...

दर वर्षी कान देऊन थांबायची आमची शाळा, आणि मला नेमकं तेच आठवत नाही!

चहाच्या बशीवर बशी आपटून पाहिली. एक फुटली. खण्ण असं वाजलं खरं, पण ते बशीचं.

२२ मार्च, मंगळवार

महूच्या पाट्या निघाल्या, धोंडूसकट दोनशेच्या वर. पाटणकर त्या वेगळ्या खोलीत लावताहेत, वर चिठ्ठी, 'महू शाळा, यमुनाबाईंच्या आठवणीनुसार'. म्हणाले, "अहवालात जसं तुम्ही सांगितलंत तसंच जाईल. खाली काही नाही मिळालं तरी तसंच." चेहरा पडलेला, पण मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. जाताना "बसून घ्या" म्हणाले मला. आमचं मराठी शिकले म्हणायचे.

आता खाली फक्त गाळ दिसतो. त्याच्याखाली पहार घातली तर कळेल. विहिरीत पाणी झिरपायला लागलंय, म्हणून आज थांबवलं. पंप आणून परवा सकाळी आठला शेवटचं उतरायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बयान.

२३ मार्च, बुधवार

दिवेलागणीला बबन आला. दारात उभा. आत ये म्हटलं तर आला नाही. हातात माझी सुती साडी, निळ्या काठाची. मी महिन्यापूर्वी धुवून दिली होती, विसरलेही होते. कडक इस्त्री, घडी अशी की सुरी चालवावी.

"बयानाला घालून जा. काही पण बोला, पण चुरगळलेल्या साडीत नका जाऊ. आमच्या शाळेच्या हेडबाई आहात."

"बस ना जरा."

बसला. झाकून ठेवलेल्या जिलबीची गोष्ट सांगितली, मुंग्या लागल्या म्हणून टाकावी लागली. हसला. मग विचारलं, "बाई, असेल का खाली?"

म्हटलं, माहीत नाही.

"आवाज आठवला?"

"नाही रे."

तो म्हणाला, "मला आपल्या वेळचा आठवतो. खण्ण. एकदम साफ." मग आपणच म्हणाला, "पण माझ्या वेळी तर महूच्या पडल्या होत्याच ना. त्याचा काय फायदा." आणि निघाला. गल्लीच्या वळणावरून हात केला.

तो गेल्यावर साडी खुंटीवर लावताना एक गोष्ट आठवली. पाट्या संपल्या, अण्णांनी मला काठावरून उतरवून कडेवर घेतलं, आणि मी विचारलं, "अण्णा, त्यांच्या पाट्या आपल्या पाट्यांत मिसळल्या तर?" ते म्हणाले, "मिसळू देत. अक्षरं तीच आहेत."

आपल्या पाट्यांत. म्हणजे आपल्या खाली होत्या.

पण हे मी तेव्हा खरंच विचारलं होतं, की आज मला ते हवंय म्हणून माझं सहा वर्षांचं तोंड मीच हलवतेय? अण्णांचा आवाज तर स्पष्ट आहे. माझाच नाही. बयानात हे सांगणार नाही. ज्याची मला खात्री नाही ते मी पोरांकडूनही कधी वदवून घेतलं नाही.

सकाळी आठला पंप सुरू होणार. मॅडमना सांगून ठेवलंय, पाणी उपसलं की यंत्र बंद करा, सगळ्यांना गप्प बसवा, आणि खालच्या माणसाला म्हणावं पहार हळू घाल. मी काठावर बसेन, अण्णांनी बसवलं होतं तिथंच. कान अजून बरे आहेत.